दस्ता घासण्याआधी

घरातली जुनी बंदूक बिघडते ती बहुधा तिच्यावर माया करणाऱ्याच्याच हातून. नळीला गंज चढला तर निदान हवेला दोष देता येतो. दस्त्याचं तसं नाही. ओटीवरची खुंटी, माळा, लोखंडी कपाट अशी तीन-चार पिढ्यांची वस्ती करूनही लाकूड धडधाकट राहिलेलं असतं. मग घरात कार्य निघतं, भिंतींना रंग लागतो, दिवाणाला पॉलिश करायला माणूस आलेला असतो आणि कोणीतरी म्हणतं, "आजोबांच्या बंदुकीवरपण एक हात फिरवून द्या की." तो बिचारा मनापासून फिरवतो. आधी ऐंशी नंबरचा पेपर, तोही मशीनवर, मग लांबी, मग मेलॅमाइनचे दोन-तीन हात. संध्याकाळी दस्ता आरशासारखा चमकतो, घरचे खूश होतात. पुढे कधीतरी ती बंदूक एखाद्या जाणकाराच्या हातात जाते. तो लाकूड आणि पोलाद जिथे मिळतात त्या सांध्यावरून अंगठा फिरवतो आणि काही न बोलता बंदूक परत देतो.

तो का बोलत नाही, ते सांगण्यासाठी हे पुस्तक आहे.

विषय लहान आहे. घराण्यात चालत आलेली छऱ्याची बंदूक, तिचा लाकडी दस्ता, त्यावरचं जुनं पॉलिश आणि ते नव्याने करावं की नाही, केलं तर कसं. नळ्या, घोडे, चाप, कमानी यांना या पुस्तकात हात लावलेला नाही. ते परवानाधारक कारागिराचं काम, आणि ते त्याच्याकडेच राहू द्यावं. उरलं लाकूड. पण या लाकडात सांगण्यासारखं इतकं निघालं की मूळचं टिपण फुगत फुगत पुस्तक झालं.

आपल्याकडच्या जुन्या घरांतून दिसणाऱ्या बंदुका साधारण दोन जातींच्या. एक ठासणीची, नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची. दुसरी काडतुसाची, मध्ये मोडून उघडणारी, बहुतेक वेळा जोडनळी आणि बारा बोअरची. (एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या ओतल्या तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. आतला व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास.) या दुसऱ्या जातीत इंग्लंडची, त्यातही बर्मिंगहॅमची बंदूक पुष्कळदा भेटते. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीत काम करणाऱ्या ॲन्सन आणि डीली या दोघांनी घोडे पेटीच्या आत दडवलेली, मोजक्या भागांची रचना काढली. ती मजबूत होती आणि बनवायला सोपी होती. पुढे तिच्या धर्तीवर सगळीकडे बंदुका निघू लागल्या आणि चांगली बंदूक केवळ सरदारांची चैन राहिली नाही. मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचं दुकान १८९१ मध्ये उघडलं. त्यांच्या जाडजूड कॅटलॉगात चहाच्या किटलीपासून बंदुकीपर्यंत सगळं असे. कलकत्त्याला बंदुका विकणारे मँटन होते, रॉडा होते. रॉडाचं नाव आपल्याकडे लोकांना ठाऊक असतं ते १९१४ मध्ये क्रांतिकारकांनी त्यांची माउझर पिस्तुलं पळवली म्हणून, पण त्यांचा रोजचा धंदा शिकारीच्या बंदुकांचाही होता. तेव्हा नळीवर कलकत्त्याच्या दुकानाचं नाव दिसलं म्हणजे बंदूक तिथेच घडली असं समजू नये. नळ्या उतरवल्यावर त्यांच्या खालच्या सपाट भागावर प्रूफ हाउसचे शिक्के दिसतात, ते जास्त खरं बोलतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्न मिटवला. त्यानंतर घरातल्या बंदुकांच्या दोन वाटा झाल्या. काही नुसत्या आठवण म्हणून उरल्या. वर्षातून एकदा, दसऱ्याला, त्या बाहेर येतात. फूल वाहिलं जातं, परत आत जातात. काही मात्र अजून कामाच्या आहेत. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे शेतसंरक्षणाचा परवाना असलेल्या कितीतरी बंदुका वानरं आणि रानडुकरं हुसकावायला बागेत नेल्या जातात, पावसात भिजतात, मांगराच्या भिंतीला टेकून उभ्या राहतात. पहिल्या बंदुकीच्या दस्त्याला जे औषध, ते दुसरीला चालेलच असं नाही. पुस्तकात जागोजागी "कामाची" आणि "कपाटातली" असा भेद दिसेल तो यासाठी.

आता लाकडाबद्दल. युरोपातल्या चांगल्या बंदुकीचा दस्ता अक्रोडाचा. हा निव्वळ मिजासीचा भाग नव्हता. अक्रोड वजनाला बेताचा आणि चिवट असतो. एकदा नीट मुरला की पुढे फारसा फुगत नाही, आक्रसत नाही, आणि पटाशीला इतका मऊसूत साथ देतो की पोलादाचा तुकडा त्यात कागदाची फट न ठेवता बसवता येतो. बार उडाला की धक्का पोलादाकडून लाकडाकडे आणि लाकडाकडून खांद्याकडे येतो. त्या रोजच्या माराला न चिरता तोंड देणारी लाकडं फार नाहीत. फ्रान्स, तुर्कस्तान, कॉकेशसकडून इंग्लंडात गेलेला अक्रोड आणि काश्मीरचा अक्रोड ही एकच जात. अमेरिकेतला काळा अक्रोड निराळा, जरा गडद आणि बहुतेक वेळा जरा भरड. खांद्याकडच्या रुंद भागावर ज्या धुरासारख्या लाटा दिसतात त्या बहुधा खोडाच्या बुंध्याकडच्या किंवा मुळालगतच्या लाकडातल्या. पण हाताच्या मुठीत येणारा बारीक भाग, ज्याला आम्ही पुस्तकभर मनगट म्हटलं आहे, तिथे कारागीर नक्षी टाळायचा. तिथे त्याला सरळ रेषेत धावणारे तंतूच हवे असत, कारण तंतू तिरके गेले की दस्ता मोडतो तो तिथेच.

मोडलेल्या दस्त्यांची आपल्याकडे वेगळीच गंमत आहे. गावच्या सुताराने नवा करून बसवलेला, सागाचा नाहीतर शिसवीचा दस्ता पुष्कळदा पाहायला मिळतो. त्याला नाकं मुरडणारे संग्राहक मला भेटले आहेत. मला तसं वाटत नाही. बर्मिंगहॅमच्या पेटीला मालवणकडच्या सुताराने अंदाजाने शिसवी दस्ता जोडला आणि तो दोन पिढ्या टिकला, तर तोही त्या बंदुकीच्या इतिहासाचा भागच की. फक्त पॉलिश करणाऱ्याने लाकूड ओळखायला हवं. शिसवीत मुळातच असे नैसर्गिक पदार्थ असतात की जवसाचं तेल त्यावर सुकायलाच तयार होत नाही. आठवडा झाला तरी चिकट. तिथे लाखेचं पॉलिश बरं.

लाकडानंतर प्रश्न येतो तो त्याच्या अंगावर काय आहे हा. याचं उत्तर मिळाल्याशिवाय पेपर हातात घेऊ नये, असं मी शंभरदा सांगतो आणि लोक शंभरदा विसरतात. तपासणी सोपी आहे. मागची लोखंडी किंवा शिंगाची पट्टी काढली की तिच्याखाली जे लाकूड दिसतं तिथे कडेला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून जरा वेळ धरायचा. पृष्ठभाग चिकट झाला, बोळ्याला तपकिरी रंग आला, तर वर लाखेचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश आहे. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म, आणि नखाने खरवडल्यावर पापुद्रा निघतो, तर कोणीतरी हल्लीहल्ली मेलॅमाइन किंवा पीयू मारलंय. आणि पापुद्रा नाहीच, बोळ्यावर नुसता मळ येतो, लाकूड आतून उजळतं, तर हात जोडा आणि थांबा. ते मूळचं तेलाचं काम असण्याचा दाट संभव आहे. अशा दस्त्याला बहुतेक वेळा पॉलिश लागत नाही, आंघोळ लागते. टर्पेंटाइनमध्ये जरासं जवसाचं तेल, मऊ फडकं, भरपूर सवड. शंभर वर्षांचा धूर आणि घाम उतरला की खालून जे दिसतं त्यावर बरेच मालक तिथल्या तिथे नव्या पॉलिशचा विचार सोडून देतात.

ज्यांना सोडता येत नाही, त्यांच्यासाठी पुढची प्रकरणं आहेत.

त्यातलं सगळ्यात लांबलेलं प्रकरण दस्त्याच्या डोक्याचं. डोकं म्हणजे जिथे लाकूड पोलादाच्या पेटीला जाऊन भिडतं तो भाग. जुन्या बंदुकीत हा भाग काळा पडलेला असतो आणि लोक त्याला वयाची झाक समजून कौतुक करतात. ती झाक नसते. वर्षानुवर्षं बंदुकीत सढळ हाताने घातलेलं यंत्राचं तेल, बंदूक नळी वर करून उभी ठेवली की, गुरुत्वाकर्षणाने खाली झिरपतं आणि लाकडात मुरतं. हे खनिज तेल जवसाच्या तेलासारखं सुकून घट्ट होत नाही. ते तसंच राहतं आणि लाकडाला पिठासारखं मऊ करून ठेवतं. मग एखाद दिवशी बार उडतो, मऊ लाकूड दबतं, पोलाद मागे सरकतं आणि मनगटापर्यंत चीर जाते. उपाय फार जुना आणि स्वस्त आहे. रंगवाल्यांकडची खडूची पांढरी पावडर ॲसिटोनमध्ये कालवून जाडसर लेप करायचा आणि काळ्या भागावर थापायचा. ॲसिटोन आत शिरून तेल पातळ करतं, आणि ते उडून जाताना तेल बाहेर येऊन खडूत शोषलं जातं. पांढरा लेप पिवळा, मग मातकट होतो. तो झाडून टाकायचा, नवा लावायचा. किती वेळा, याला नियम नाही. लेप पांढराच राहू लागला की झालं. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास देवाचा दिवासुद्धा नको, ॲसिटोन भपकन पेटतं. पुढे बंदूक ठेवताना मात्र नळीचं तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल उलट वाटेने जाईल.

दुसरी गोष्ट पोचे आणि ओरखडे यांची. दोन्हींत फरक आहे. दाराच्या चौकटीवर आपटून पडलेल्या पोच्यात लाकडाचे तंतू दबलेले असतात, तुटलेले नसतात. त्यांना पाणी आणि ऊब दिली की ते परत फुगतात. वरचं पॉलिश निघालेलं असेल तर पोच्यावर ओलं सुती फडकं ठेवा आणि गरम इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवा. फस्स करून वाफ येईल. फडकं उचला, बघा, परत ओलं करा, परत टेकवा. पोचा डोळ्यांदेखत वर येतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही करामतच वाटते. पण जिथे खिळ्याने तंतू कापले गेले आहेत तिथे कितीही वाफ दिली तरी काही होत नाही. त्या ओरखड्याचा तळ गाठायचा म्हणून सगळा दस्ता तेवढा खाली घासणं हा शुद्ध वेडेपणा आहे. राहू दे तो ओरखडा.

आणि इथे त्या जाणकाराच्या अंगठ्याकडे येऊ. चांगला कारागीर दस्ता बसवताना लाकूड पोलादाच्या पातळीपेक्षा केसभर उंच ठेवत असे. पुढे कधी दस्ता स्वच्छ करायची, नव्याने तेल द्यायची पाळी येणार, तेव्हा घासायला तेवढी शिल्लक असावी हा हिशेब. ही केसभर उंची ही पुढच्या पिढ्यांसाठी ठेवलेली पुंजी. ऐंशी नंबरच्या पेपरने ती एका दुपारी उडते. लाकूड पोलादाच्या खाली जातं, सांध्यावर पोलादाची कड बोटाला टोचू लागते, मनगटाजवळच्या धारदार रेषा गोल होतात, मुठीवरची चौकडीची कोरीव जाळी पुसट होते. यातलं काहीही परत आणता येत नाही. लाकूड काढता येतं, घालता येत नाही. एवढं एक वाक्य वाचून पुस्तक मिटलंत तरी माझी हरकत नाही.

म्हणून पेपर शेवटी आणि तोही थोडा. दोनशे चाळीसच्या खालचा नंबर घरात आणूच नये असं माझं मत. काही कारागीर एकशे ऐंशीपासून सुरुवात करतात, तो वादाचा मुद्दा आहे. पेपर बोटांनी धरायचा नाही, सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा, कारण बोटं मऊ लाकडात खड्डे करतात. मागची पट्टी जागेवर बसवूनच घासायचं, नाहीतर तिथली कड खाली जाते आणि पट्टी उघडी पडून राहते. चौकडीच्या जाळीला पेपर लावायचाच नाही. तिथे जुना दात घासायचा ब्रश आणि टर्पेंटाइन. दस्त्याच्या पोटाखाली काही वेळा चांदीची छोटी लंबगोल चकती बसवलेली असते, मालकाची अक्षरं कोरण्यासाठी. पॉलिशच्या थराखाली ती काळी पडून दिसेनाशी होते. ती शोधा, पेपर मात्र तिच्यापासून लांब ठेवा.

तेलाबद्दल लोकांच्या मनात बऱ्याच भाबड्या समजुती आहेत. खायचं जवसाचं तेल चालतं का, असं विचारतात. चालतं, पण कच्चं तेल सुकायला फार वेळ घेतं. रंगाच्या दुकानात "डबल बॉइल्ड" म्हणून मिळतं त्यात लवकर सुकवणारे धातूंचे क्षार घातलेले असतात, ते घ्यावं. आणि तेल म्हणजे चोपडणं नव्हे. पहिल्यांदा थोडं तेल ओतून बारीक वॉटर पेपरने गोल गोल घासलं की लाकडाची पूड आणि तेल मिळून चिखल होतो. तो लाकडाच्या छिद्रांत दाबून बसवायचा आणि सुकू द्यायचा. त्यानंतर प्रत्येक हात म्हणजे मोजके थेंब, उघड्या तळव्याने, तळवा गरम होईपर्यंत चोळलेले. दोन हातांमध्ये तेल पुरतं सुकायला हवं. घाई केली की वरचा थर सुकतो, आतला कोवळा राहतो आणि मग बोटांचे ठसे उमटतात.

जुन्या इंग्लिश दस्त्यांना जो लालसर-तपकिरी रंग दिसतो त्याचं गुपित तुमच्या स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या डब्याजवळ असू शकेल. तिथले कारागीर तेलात अल्कानेट नावाचं मूळ भिजत घालत. त्याच कुळातल्या वनस्पतींची मुळं आपल्याकडे रतनजोत म्हणून मिळतात; रोगन जोशला लाली येते ती त्यांची. हा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो, म्हणून दोन्हीकडे तो तेलातून येतो. मुळं कुटून जवसाच्या तेलात बुडवून बरणी झाकून ठेवली की तेल हळूहळू गर्द लाल होतं. पहिल्या एकदोन हातांना हे तेल, मग साधं. बाजारातला "वॉलनट स्टेन" ज्याला वापरायचा त्याने वापरावा. मला तो सपाट वाटतो, लाकडातल्या काळ्या रेघा त्याखाली बुडतात.

कामाच्या बंदुकीला मात्र नुसतं जवसाचं तेल पुरत नाही. ते देखणं असलं तरी पाणी आणि दमट हवा फारशी अडवत नाही. कोकणातल्या बागेत जाणाऱ्या दस्त्यासाठी टंग तेल किंवा तेलात मिसळलेलं वार्निश सुचवलं आहे, आणि वरून मेणाचा हात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पुष्कळदा जमा कराव्या लागतात आणि काही आठवडे कोणत्या खोलीत, कशाला टेकून राहतील हे मालकाच्या हाती नसतं. जमा करण्याआधी मेण लावा, विशेषतः मागच्या पट्टीखालच्या उघड्या लाकडाला. पाणी शिरतं ते तिथूनच, आणि पॉलिशवाले नेमकं तेच कोरडं सोडतात.

एक सूचना ठळक अक्षरांत छापायला सांगितली आहे, इथेही देतो. जवसाच्या तेलाने ओले झालेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि सुकताना उष्णता सोडतं. फडक्याच्या बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावता फडका पेट घेऊ शकतो. दोरीवर एकेरी पसरून सुकवा, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात, आणि दुरुस्तीचं काम परवाना असलेल्यानेच करायचं असतं. म्हणजे सुरुवातीला सांगितलेला तो दिवाणाला पॉलिश करणारा माणूस आणि त्याला बंदूक देणारे घरचे, दोघंही नकळत अडचणीत येऊ शकतात. बंदूक परवानाधारकाच्या ताब्याबाहेर जाऊ देऊ नका; दस्ता पेटीपासून सोडवणं आणि परत बसवणं परवानाधारक गनस्मिथकडून करून घ्या, आणि मधलं काम तुम्ही स्वतः करणार असाल तर तेही त्यालाच विचारून. वारसाने आलेल्या बंदुकीचा परवाना अजून आजोबांच्याच नावावर असेल तर आधी ते निस्तरा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, हेही लक्षात असू द्या. ज्या घरात तीन भावांच्या मिळून पाच आहेत तिथे पॉलिशपेक्षा वाटणीचा प्रश्न मोठा असतो.

पुस्तकाची प्रकरणं कामाच्या क्रमाने लावली आहेत, पण सगळी लागोपाठ करायची नाहीत. काम दिवाळीनंतर काढा आणि होळीच्या आत संपवा. पावसाळ्यात लाकूड ओलावा धरून असतं आणि तेल सुकता सुकत नाही. उन्हाळ्यात ते वरवर सुकतं आणि आत ओलं राहतं. आणि पहिलं प्रकरण स्क्रूंचं आहे, कारण जुन्या इंग्लिश बंदुकीच्या स्क्रूंच्या खाचा हाताने कापलेल्या, आपल्या नेहमीच्या पेचकसाच्या पात्याहून कितीतरी अरुंद असतात. गनस्मिथकडे जाल तेव्हा त्याच्याजवळ त्या मापाचे पेचकस आहेत का, हे बघूनच बंदूक पुढे करा.